कासचे पठार आणि आपले पाय

श्रावण सरून भाद्रपदाची कोवळी उन्हे पडू लागली, की पुण्यामुंबईच्या मोटारींची तोंडे साताऱ्याकडे वळतात. यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर कासचे पठार लागते. वर्षाचे आठ-नऊ महिने ज्याकडे कोणी मान वळवूनही पाहणार नाही असा तो उघडाबोडका कातळ या दिवसांत फुलांनी इतका भरून जातो, की पाहणाऱ्यास बोलणे सुचू नये. परंतु पाहणाऱ्यांस बोलणे सुचते, आणि पुष्कळ सुचते. आगाऊ नोंदणी न करता गेलेली, फाटकावरून परत फिरविलेली मंडळी आम्हांस दर वर्षी भेटतात आणि त्यांची तक्रार एकाच चालीवरची असते : डोंगर काय कोणाच्या बापाचा आहे? आपल्याच मुलखातील फुले पाहावयास आपणच पैसे भरून परवाना काढावयाचा, आणि तोही घड्याळ लावून, हा कोठला न्याय?

तक्रार करणारे लोक वाईट नव्हेत. बहुतेक सुशिक्षित, मुलांना सृष्टी दाखवावी अशी हौस असलेले, घरात झाडांच्या चार कुंड्या जपणारे असे हे गृहस्थ आहेत. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. डोंगर कोणाचा, हा प्रश्न खराच आहे. फक्त तो ज्यांनी विचारावयास हवा ते दुसरेच आहेत, असे आमचे मत आहे. त्याकडे आम्ही पुढे वळू.

प्रथम त्या भूमीची प्रकृती ध्यानात घेतली पाहिजे. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की पुष्कळ ठिकाणी बोटाची पेरेही त्यात बुडणार नाहीत. पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचते, आणि त्या पाणथळ, निकस मातीत ज्यांना जगता येते अशाच वनस्पती तेथे जगतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पतींना तर मातीत पोषण अपुरे पडते म्हणून बारीकसारीक जीव पकडून गुजराण करावी लागते. तेरडा, सोनकी, पांढरे गेंद, पिवळा कवला आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी यांची गणती मुलेही आता करतात. वायतुरा तर असा, की साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर तो सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांवरच आढळतो. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती या टापूत नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदली. त्यांत महाराष्ट्रातील कोयना, चांदोली आणि राधानगरी या अरण्यांच्या पंक्तीस हे झाडावाचूनचे पठार बसले, ते या इवल्या रोपट्यांच्या बळावर.

अशा भूमीवर एका माणसाचे पाऊल म्हणजे काही नव्हे. दहा माणसांचीही पावले ती सोसते. परंतु एकाच रविवारी हजारो पावले एकाच वाटेने गेली म्हणजे ती वाट रुंदावते, माती दबते, पाणी मुरत नाही, आणि पुढच्या वर्षी तेथे फुलाऐवजी नुसता लाल कातळ दिसतो. छायाचित्रासाठी फुलांच्या मधोमध बसणाऱ्याला आपण काही तोडले नाही असे प्रामाणिकपणे वाटत असते. तो बसून उठला, तेवढ्यात काय दडपले गेले हे त्याला दिसत नाही, कारण ते करंगळीच्या नखाएवढे असते.

आम्हीही या अज्ञानातून गेलो आहो. आमच्या शिक्षकी पेशाच्या दिवसांत, म्हणजे कासचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते त्या काळी, आम्ही शाळेची एक तुकडी घेऊन त्या पठारावर गेलो होतो. फाटक नव्हते, तिकीट नव्हते, रखवालदारही नव्हता. मुले मनसोक्त हुंदडली आणि परतताना त्यांनी मुळांसकट उपटलेल्या फुलांचा एक भारा मोठ्या प्रेमाने आमच्या हाती ठेवला. आम्ही तो कौतुकाने स्वीकारला. जवळच म्हशी राखीत बसलेला एक वृद्ध गुराखी हे सारे पाहत होता. तो एवढेच म्हणाला, ‘गुरुजी, म्हसरं बी एवढं उपटीत न्हाईत.’ त्या वेळी आम्हांस त्याचा थोडा रागच आला होता, हे कबूल केले पाहिजे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ते वाक्य नव्हते.

तेव्हा दिवसाला सुमारे तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, ठराविक तासांच्या पाळ्या, मोटारी दूर उभ्या करून पुढे बसने किंवा पायी जाणे, आखलेल्या वाटेबाहेर पाय न टाकणे, फूल न तोडणे या नियमांना आमचा पूर्ण पाठिंबा आहे. किंबहुना त्यांची अंमलबजावणी ढिली पडते तेव्हा आम्हांस खेद होतो. सलग सुट्ट्यांच्या दिवसांत ‘आता आलेच आहेत तर जाऊ द्या’ म्हणून फाटक उघडावयाचे असेल, तर आकडा छापण्यात अर्थ नाही. प्रवेशशुल्काबद्दलही आमचे गाऱ्हाणे नाही. शंभर-दीडशे रुपये ही रक्कम, घाटाच्या वाटेवर एका वेळच्या फराळाला जे पडते त्यापेक्षा अधिक नाही. मात्र सरकारी व खेड्यांतल्या शाळांच्या मुलांकडून ते घेऊ नये आणि सुट्टीखेरीजच्या दिवसांतील एक पाळी त्यांच्यासाठी राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. मोटार नसलेल्याला ते पठार दिसूच नये, असा या नियमांचा परिणाम होता कामा नये.

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. हा डोंगर कोणाचा? कागदोपत्री तो राखीव वन आहे, म्हणजे सरकारचा. परंतु कास, एकीव, आटाळी, कासाणी या आसपासच्या गावांची गुरे तेथे पिढ्यान्पिढ्या चरत आली. पावसाळी चारा, सरपण, वैदूचा पाला हे सारे त्याच सड्यावरून येई. त्या अर्थाने तो गावांचा सामाईक माळ होता, मग सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो. १८७८च्या वन कायद्याने देशभर असे माळ आणि राने सरकारजमा होऊ लागली तेव्हा कुणब्याच्या गुराने चरावे कोठे, हा सवाल महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खडसावून विचारला होता. फाटकावर अडलेल्या आमच्या शहरी मित्राचा सवालही शब्दाने तोच आहे. फरक इतकाच, की एकाचा प्रश्न पोटाचा होता आणि दुसऱ्याचा रविवारचा.

कासच्या बाबतीत या दोहोंची गल्लत झाली आणि तिची किंमत फुलांनी मोजली, असे मानण्यास जागा आहे. गर्दी वाढली म्हणून पठाराच्या मोठ्या भागाला लोखंडी जाळीचे कुंपण घालण्यात आले. हेतू चांगला होता. पर्यटकांनी कोठूनही घुसू नये, एवढाच. परंतु जाळी माणूस आणि म्हैस यांत भेद करीत नाही. माणसे तिकीट काढून आत गेली, आणि गुरे, ज्यांना तिकीट मिळत नाही, ती बाहेर राहिली. काही वर्षांतच वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि गावकरी दोघेही सांगू लागले, की आत गवत माजत आहे, दांडगी झुडपे हातपाय पसरीत आहेत आणि त्यांखाली लहान फुले गुदमरत आहेत. गुरांचे चरणे हे त्या सड्याच्या जीवनक्रमाचेच एक अंग होते. ती उंच गवत खात, खुरांनी माती थोडी हलवीत आणि शेण टाकीत. फुलांचा ऱ्हास केवळ कुंपणानेच झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. पाऊसमान बदलते, वर्षावर्षाचा बहर निराळा असतो आणि तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि या दशकाच्या आरंभी ते कुंपण काढण्याचा निर्णय झाला आणि जाळ्या उतरविण्यात आल्या. सरकारी खात्याने आपली चूक स्वतः उचलून बाजूला ठेवावी ही गोष्ट आपल्याकडे इतकी विरळा, की त्याबद्दल त्या खात्याचे मोकळ्या मनाने अभिनंदन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

परंतु कुंपण काढले म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. लोखंडी जाळीच्या जागी माणसांची राखण हवी, आणि ती राखण करणारी माणसे त्याच गावांची आहेत. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या योजनेखाली आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर पठाराची व्यवस्था पाहते. तिकीट फाडणे, वाटा राखणे, शिट्टी वाजवून पर्यटकाला फुलांतून उठविणे ही कामे गावचे तरुण आणि स्त्रिया करतात. येथे आम्हांस एक शंका विचारावीशी वाटते. ही गावे राखणदार आहेत की धनी? हंगामाच्या दोन-अडीच महिन्यांत शिट्टी वाजविण्यापुरतीच त्यांची आठवण होणार असेल, आणि माणसे किती घ्यावयाची, गुरे कधी व कोठे सोडावयाची, पैसा कशावर खर्चावयाचा हे निर्णय साताऱ्यात किंवा मुंबईत होणार असतील, तर त्या व्यवस्थेला सहभाग म्हणणे ही शब्दांची चैन आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. त्याच कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली आपले वन आपल्या हाती घेतले. तेथील बांबू आणि येथील फुले यांत अंतर पुष्कळ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु गावाला जबाबदारी द्यावयाची तर अधिकारही द्यावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच.

या संदर्भात विलायतेतील एक प्रकरण उद्‌बोधक वाटते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचा विस्तीर्ण माळरानांचा प्रदेश आहे. तेथील सामाईक माळांवर गावकऱ्यांना आपली मेंढरे, गुरे आणि तट्टे चारण्याचा जुना हक्क आहे, जरी जमिनीची मालकी खाजगी असली तरी. १९८५ साली त्या माळांसाठी खास कायदा झाला. या एकाच कायद्याने चराईचे हक्क असलेल्यांचे एक मंडळ स्थापन केले आणि आम जनतेलाही पायी वा घोड्यावरून तेथे विहार करण्याचा हक्क दिला. पुढे एका जमीनमालकाने, विहार म्हणजे तंबू ठोकून रात्र काढणे नव्हे, असा वाद घातला. जानेवारी २०२३मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले, त्याच वर्षी अपील न्यायालयाने ते फिरविले आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लोकांच्या बाजूने कौल दिला. तेथे आज तंबू ठोकता येतो, पण शेकोटी पेटविता येत नाही. उपविधी मोडला तर दंड होतो. आम्हांस त्यात मौज वाटते ती ही, की एकाच माळावर मेंढपाळ, वाटसरू आणि मालक या तिघांचे हक्क कायद्याने शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत, आणि भांडण झाले तर ते कागद उघडून भांडता येते. आपल्याकडे कासच्या पर्यटकासाठी फाटकावर फलक आहे. गुराख्यासाठीही त्याच फलकावर दोन ओळी का असू नयेत?

आणखी एक उणीव डोळ्यांआड करून चालणार नाही. सारे नियम फुलांच्या त्या एका तुकड्यापुरते आहेत. त्याबाहेर पाऊल टाकले, की साताऱ्यापासून बामणोलीकडे जाणाऱ्या त्या रस्त्यालगत हॉटेले, विश्रामगृहे आणि मोटारींचे तळ वाढत चालले आहेत. जांभ्याचा सडा फोडून पाया घालताना तेथे कोणती फुले होती, हे कोणी मोजत नाही. फुलात पाय ठेवणाऱ्या मुलाला शिट्टी, आणि सडाच उचलून नेणाऱ्या यंत्राला परवाना, असा हा प्रकार आहे. पलीकडे कासचा तलाव आहे. सातारा शहर त्याचे पाणी पिते. तलावाच्या काठी प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकणारा पर्यटक त्या पाण्याचा पेला कधी तोंडाला लावणार नाही, एवढ्यासाठीच कदाचित तो इतका निश्चिंत असतो. शिवाय कासला अडविलेली गर्दी घरी परत जात नाही. ती चाळकेवाडीसारख्या दुसऱ्या सड्यांकडे वळते, आणि तेथे कासइतकी कडक राखण नाही.

म्हणून येत्या हंगामापूर्वी वनखात्याने आणि जिल्हा प्रशासनाने तीन-चार गोष्टी कराव्यात, अशी आमची मागणी आहे. रोज किती माणसे आत गेली तो आकडा दुसऱ्या दिवशी जाहीर व्हावा. जमा झालेला पैसा कोणत्या गावात कशावर खर्च झाला याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा. चराईचे दिवस आणि जागा गावांनी वनस्पतितज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवाव्यात व त्या लेखी नियमांत याव्यात. आणि पठारालगतच्या बांधकामांना हंगामी नव्हे, बारमाही मर्यादा असावी. आमच्या वाचकांकडे मागणे याहून थोडे आहे. नोंदणी मिळाली नाही तर त्या रविवारी जाऊ नये. मंगळवारी जावे, तेव्हा गर्दी निम्मीही नसते. गेल्यावर वाट सोडू नये. आणि वाटेत गुरे आडवी आली तर भोंगा न वाजविता मोटार थांबवून त्यांना आधी जाऊ द्यावे.