घरबसल्या कॅल्क्युलसची परीक्षा: गणित येऊनही मार्क कुठे जातात?

२०२५ च्या फेब्रुवारीत मी कॅल्क्युलसचा एक पेपर दिला. पुण्यात, माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर बसून. शंभरापैकी ६१ मिळाले. तपासलेला पेपर उघडून बघितला तर गेलेल्या ३९ मार्कांपैकी २० मार्क गणिताचे नव्हतेच. ८ गेले उत्तर टाईप करण्यात आणि १२ गेले एका काळपट फोटोत.

आधी थोडं बॅकग्राउंड. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरी करता करता बाहेरच्या एका ऑनलाइन मास्टर्ससाठी अर्ज करायचा होता. त्यांची अट होती की मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस झालेलं हवं. माझ्या मार्कशीटवर नुसतं 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स' असं लिहिलेलं आणि पुढे ४३ हा आकडा. तो आकडा कुणाला दाखवायची माझी हिंमत नव्हती. म्हणून एका अमेरिकन कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेतला. जानेवारी ते मे, तीन टेस्ट, एक फायनल. किमान 'बी' ग्रेड हवी, नाहीतर फीचे पैसे पाण्यात आणि अर्जाचं वर्षही गेलं.

टेस्टचे दोन भाग असायचे. पहिल्या भागात उत्तर चौकटीत टाईप करायचं, ते कॉम्प्युटर तपासतो. दुसऱ्या भागात कागदावर स्टेप्ससकट सोडवायचं, फोनने स्कॅन करून अपलोड करायचं, ते माणूस तपासतो. या सगळ्यावर प्रॉक्टरिंग, म्हणजे वेबकॅम, माईक आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला तो पहिला भाग. कारण प्रश्न असा आहे: तुमचं उत्तर बरोबर आहे हे कॉम्प्युटरला कळतं कसं?

साधं उदाहरण घ्या. सायन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन करा. तुम्ही सायन एक्स = यू धरलंत तर उत्तर येतं सायन स्क्वेअर एक्स भागिले २. तुमच्या मैत्रिणीने कॉस एक्स = यू धरलं, तिचं उत्तर मायनस कॉस स्क्वेअर एक्स भागिले २. तिसऱ्याने डबल अँगलचा फॉर्म्युला लावला, त्याचं मायनस कॉस २एक्स भागिले ४. तिन्ही उत्तरं दिसायला वेगळी आणि तिन्ही बरोबर! कारण त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका स्थिर संख्येचा, आणि तो फरक 'प्लस सी' पोटात घेतं. बारावीला सर 'प्लस सी' विसरलास म्हणून अर्धा मार्क कापायचे ना, तेच हे.

आता सिस्टिमने अक्षराला अक्षर जुळवून बघितलं तर तिघांपैकी दोघं नापास होतील. म्हणून दोन पद्धती वापरतात. पहिली पद्धत म्हणजे उत्तराला खरोखर गणित म्हणूनच वागवायचं. मूडलमध्ये 'स्टॅक' नावाचा एक प्रश्नप्रकार आहे, ब्रिटनमधल्या ख्रिस सँगविन या गणिताच्या प्राध्यापकांनी सुरू केलेला. त्याच्या आत 'मॅक्सिमा' हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर चालतं. ते तुमचं उत्तर डिफरन्शिएट करून बघू शकतं: मूळ फंक्शन परत मिळालं तर उत्तर बरोबर.

दुसरी पद्धत जास्त देशी जुगाडासारखी आहे आणि मला तीच जास्त आवडते. रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात 'वेबवर्क' नावाची सिस्टिम तयार झाली. ती काय करते, तर एक्सच्या जागी चार-पाच रँडम किमती टाकते, तुमच्या उत्तराची आणि शिक्षकांच्या उत्तराची किंमत काढते आणि दोन्ही जुळतात का ते बघते. इंटिग्रेशन असेल तर फरक सगळीकडे सारखाच येतो का ते बघते. बस्स. जुळवताना थोडी सूट असते, सहसा ०.१ टक्का. म्हणजे १/३ च्या जागी ०.३३ लिहिलंत तर चूक, कारण तिथे फरक एक टक्क्याचा पडतो. ०.३३३३ चाललं असतं. पण मी म्हणतो अपूर्णांकच लिहा, कशाला विषाची परीक्षा?

(जाता जाता: कुठलीही दोन सूत्रं एकच आहेत का, हे हमखास ठरवणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, असा डॅनियल रिचर्डसन यांचा १९६८ चा सिद्धांत आहे. त्यामुळे हे सगळे जुगाड कामचलाऊच. परीक्षेपुरते मात्र ते भक्कम आहेत.)

मग माझे ८ मार्क कसे गेले? उत्तर होतं ई चा घात २एक्स. मी टाईप केलं ई^२एक्स. कॉम्प्युटरने वाचलं ई चा वर्ग, गुणिले एक्स. घात फक्त लगेच पुढच्या आकड्याला लागतो. लिहायला हवं होतं ई^(२*एक्स). तसंच १/२एक्स हे बऱ्याच सिस्टिम 'अर्धा गुणिले एक्स' असं वाचतात. तुम्हाला २एक्स खाली हवा असेल तर १/(२*एक्स). आपण कागदावर जे डोळ्यांनी समजून घेतो ते कंसाने सांगावं लागतं. आणि ॲंगल कायम रेडियनमध्ये.

चौकटीशेजारी 'प्रीव्ह्यू' नावाचं छोटं बटण असतं. ते दाबलं की सिस्टिमला तुमचं उत्तर कसं दिसतंय ते नीट छापील गणितात समोर येतं. मी ते पहिल्या टेस्टला एकदाही दाबलं नाही. रोज ऑफिसमध्ये दुसऱ्यांना 'टेस्ट न करता कोड पुढे ढकलू नकोस' असं सांगणारा मी!

पेपर मोबाईलवरच द्यायचा विचार असेल तर आणखी एक भानगड. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, मधूनच ऑटोकरेक्ट करतो, आणि या सिस्टिमना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरातला फरक कळतो. शिवाय 'सेफ एक्झाम ब्राउझर'सारखी जी सॉफ्टवेअर काही ठिकाणी सक्तीची असतात, ती विंडोज, मॅक, आयफोन-आयपॅडवर चालतात, अँड्रॉइडवर नाही. दोन तासांसाठी कुणाचा तरी लॅपटॉप मागून घ्या, पण फोनवर पेपर देऊ नका. फोनला दुसरं काम आहे.

ते काम म्हणजे स्कॅनिंग, आणि इथे माझे १२ मार्क गेले. रात्रीची वेळ, डोक्यावर ट्यूबलाईट, कागदावर माझ्याच हाताची आणि फोनची सावली, त्यात पेन्सिलने लिहिलेलं. तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला: वाचता येत नाही. त्यांचा काय दोष?

हा प्रॉब्लेम माझ्या एकट्याचा नाही. मे २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेत एपी परीक्षा घरून झाल्या. कॅल्क्युलसला दोन प्रश्न होते: एकाला २५ मिनिटं, दुसऱ्याला १५, आणि प्रत्येकानंतर अपलोडसाठी ५ मिनिटं. पुस्तक, वह्या उघड्या ठेवायला परवानगी होती. तरी कित्येक मुलं अडकली, कारण नवे आयफोन २०१७ पासून फोटो 'एचईआयसी' नावाच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करतात आणि परीक्षेची वेबसाइट तो फॉरमॅट घेत नव्हती. गणित सोडवून झालेलं, फोटो हातात आहे, पण तो चढतच नाही. पुढच्या आठवड्यात बोर्डाने ईमेलने उत्तर पाठवायची सोय केली. ज्यांचा पेपर पहिल्या आठवड्यात होता त्यांना जूनमध्ये परत बसावं लागलं.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. त्याहून बरं म्हणजे साधा फोटो काढूच नका, स्कॅन करा. आपल्याकडे सगळ्यांच्या फोनमध्ये कॅमस्कॅनर असायचं, ते २९ जून २०२० च्या बंदीत गेलं. पण आता वेगळं ॲप लागतही नाही. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये स्कॅनर आहे. तो कडा ओळखतो, वाकडा कागद सरळ करतो, सावली पुसतो आणि सगळी पानं एका पीडीएफमध्ये बांधतो. पेन काळं किंवा निळं, कागद कोरा, प्रत्येक पानावर नंबर. आणि घड्याळ लावून एक रंगीत तालीम करा. मला सहा पानं स्कॅन करून अपलोड करायला पहिल्यांदा ११ मिनिटं लागली होती, तीन तालमींनंतर ४.

दुसरी टेस्ट ही माझी सगळ्यात मूर्ख कहाणी आहे. टेस्ट रविवारी, ९ मार्चला, अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेनुसार रात्री ११:५९ ला बंद होणार होती. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी १०:२९. मी हा हिशोब जानेवारीत एकदा केला आणि तोच धरून बसलो. सोमवारी सकाळी घर रिकामं असतं, म्हणून मुद्दाम अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, नऊला पेपर उघडला. पेपर ७५ मिनिटांचा. घड्याळ दाखवत होतं २९ मिनिटं.

झालं काय की अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. तो रविवार म्हणजे नेमका ९ मार्च. आपल्याकडे हा प्रकार नाही, त्यामुळे डोक्यातच येत नाही. १०:२९ चे ९:२९ झाले होते. आणि बऱ्याच सिस्टिममध्ये पेपर बंद व्हायची वेळ आली की तुमचा टायमर कितीही शिल्लक असो, पेपर आपोआप सबमिट होतो. मला ३४ मिळाले. प्रोफेसरबाईंना मेल केला, त्यांनी प्रेमाने उत्तर दिलं की नियम सगळ्यांना सारखाच. नशीब, तीनपैकी सगळ्यात कमी मार्कांची टेस्ट धरत नव्हते. पण माझी ती एकुलती एक सवलत तिथे खर्च झाली. त्या दिवसापासून फोनच्या कॅलेंडरमध्ये इव्हेंट टाकताना त्याचा टाइमझोन 'ईस्टर्न' ठेवतो. बाकीचं फोन बघून घेतो. मनातल्या मनात साडेनऊ-साडेदहा तास मिळवायचे नाहीत.

तिसऱ्या टेस्टला मार्क चांगले पडले, पण निकाल दहा दिवस अडकला. प्रॉक्टरिंगच्या सॉफ्टवेअरने मला 'फ्लॅग' केलं होतं. कारणं दोन: मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत नव्हतो, आणि खोलीत बोलण्याचा आवाज येत होता. आता कॅल्क्युलसचा पेपर देणारा माणूस खाली कागदाकडे बघणार नाही तर कुठे बघणार? आणि आवाज माझाच होता. गणित करताना मी पुटपुटतो, तेही मराठीत. 'हा वर गेला, मग मायनस, मग दोनने भाग.' ऐकणाऱ्याला वाटलं असणार कुणीतरी कॉपी पुरवतंय.

इथे एक गोष्ट समजून घ्या. हे सॉफ्टवेअर तुम्ही चोर आहात असं ठरवत नाही. चेहरा फ्रेममध्ये आहे का, नजर कुठे आहे, आवाज आला का, एवढंच ते बघतं आणि त्या त्या वेळेवर खूण करतं. मग एखादा माणूस ती क्लिप बघून ठरवतो, निदान बघायला तरी हवी. मी मेलमध्ये सगळं लिहिलं, कच्च्या कामाचे कागदही जोडले आणि प्रकरण मिटलं. पण ते दहा दिवस झोप नीट लागली नाही. कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवायला लावणं कितपत योग्य, हा वादही जुनाच आहे. २०२२ मध्ये ओहायोतल्या एका फेडरल न्यायाधीशाने क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये असं खोली-स्कॅनिंग घटनाबाह्य ठरवलं. मला विचाराल तर निकाल योग्यच होता.

पुढच्या वेळी मी फोन बाजूला दुसरा कॅमेरा म्हणून लावला, माझे हात आणि कागद दिसतील असा. स्टँड म्हणजे कणकेचा डबा आणि त्यावर दोन पुस्तकं. परवानगी आधी मेलवर घ्या, तोंडी नको. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर, चार्जिंगला लावलेला, बॅटरी सेव्हर बंद. आधी एकदा मध्येच मावशीचा व्हॉट्सॲप कॉल येऊन कॅमेरा बंद पडला होता. बरं, ती तालीम होती. आणि लाईट गेली तर राउटरही जातो, म्हणून राउटरचा छोटा यूपीएस. नेटचा स्पीड तपासताना अपलोडचा आकडा बघा. जाहिरातीत मोठा दिसतो तो डाउनलोडचा असतो, व्हिडिओ मात्र तुमच्याकडून वर जातोय.

राहिला तो प्रश्न जो तुमच्या मनात पहिल्या परिच्छेदापासून आहे. फोनने प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर स्टेप्ससकट देणारी ॲप्स आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? ग्रुपवर उत्तर मागून तर उपयोग नाही, कारण प्रत्येकाला आकडे वेगळे येतात. ॲपने मात्र उत्तर मिळतं, हे मी नाकारत नाही. मी स्वतः दिवसभर एआयकडून कोड लिहून घेतो. पण म्हणूनच कॉलेजं हळूहळू मोठी परीक्षा समोर बसवून घ्यायला लागली आहेत. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसमध्ये शिकणं घरून, पण क्विझ आणि एंड टर्म केंद्रावर जाऊन. एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटची परीक्षाही तशीच. टेस्ट ॲपने काढल्या आणि शेवटचा पेपर केंद्रावर आला, तर तिथे कणकेच्या डब्याजागी सुपरवायझर असतो.

माझी फायनल मात्र घरूनच झाली, मे महिन्यात, भर उन्हात. पंखा बंद, कारण कागद उडत होते. प्रत्येक उत्तराला प्रीव्ह्यू दाबला. सहा पानं साडेतीन मिनिटांत वर गेली. फ्लॅग नाही. ८८ मिळाले, कोर्समध्ये 'बी प्लस'. गेलेल्या १२ पैकी ६ मार्क एका डबल इंटिग्रलचे होते: पोलर कोऑर्डिनेट्समध्ये बदलताना डीआर डीथीटाच्या आधी एक 'आर' लिहावा लागतो, तो मी विसरलो. अगदी तसाच, जसा इंजिनिअरिंगच्या पेपरात ४३ पडले तेव्हा विसरलो होतो.