वारीच्या वाटेवर पाय दुखावल्यास

आपल्यापैकी जी मंडळी आषाढीस पायी पंढरीला जातात, त्यांच्यासाठी हे चार शब्द. आळंदीपासूनची वाट सुमारे २५० किलोमीटरांची. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठावयाच्या लांब मजलेत थकलेले पाऊल सहज मुरगळते. अशा वेळी ते चोळू नये, शेकू नये. पहिले दोन दिवस तरी त्याने सूज वाढते. गार पाण्याची घडी ठेवावी, बोटांकडून वर पट्टी बांधावी, मुक्कामी पाय उंचावर ठेवावा. चार पावलेही टाकवत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणीवाचून पुढे चालू नये. मधुमेह्यांना पायाची जखम पुष्कळदा जाणवत नाही. त्यांनी रोज सायंकाळी तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

खरी अडचण मनाची असते. गाडीत बसलो तर वारी मोडली, या धास्तीने पुष्कळजण दुखणे लपवितात. म्हणून दिंडीतील वडीलधाऱ्यांनीच पुढे होऊन, “माउली, आज सामानाच्या गाडीत बसा,” असे सांगावे. एक दिवस बसल्याने नेम मोडतो, असे आम्हांस वाटत नाही. लपविलेले दुखणे मात्र पुढच्या कित्येक वाऱ्या चुकविते.