आजीच्या लुगड्यांची ऊब

जुनी लुगडी बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत मराठी घरांना परिचित आहे. त्याच लुगड्यांचे थर जोडून गोधडी शिवण्याची रीतही तितकीच जुनी. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात.

नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. एका माणसाच्या गोधडीला अशी दोन लुगडी पुरतात. कापड धुऊन उन्हात वाळवावे, थर सपाट अंथरून मोठ्या टाक्यांनी टाचावेत आणि कडेपासून आत धावदोरा घालत जावे. प्रत्येक टाका सर्व थरांतून गेला, तरच धुताना आतले कापड गोळा होत नाही. वापरून मऊ झालेले सूतच बाळाच्या अंगाला मानवते. शिवाय रेशमासाठी कोशातील जीव मारला जातो; सुती गोधडीला तो दोष नाही.

मिरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत, लहान सदनिकेत, मोठी गोधडी अंथरण्यास जागा कोठली? तेथे १ मीटर लांबीची बाळगोधडी पुरे. एक लुगडे त्यास विपुल होते.

मात्र कोणते ठिगळ कोणाच्या लग्नातले, कोणते कोणाच्या बाळंतपणातले, हे सांगणारी वडीलधारी स्त्री घरात आहे तोवरच हे काम हाती घ्यावे. तिला शेजारी बसवावे, तिच्या सांगण्याप्रमाणे तुकडे निवडावेत, आणि तिचे नाव व वर्ष एका कोपऱ्यात दोऱ्याने उमटवावे. नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर लुगडे केवळ जुने कापड ठरते; मग ते बोहारणीकडे जाण्यास वेळ लागत नाही.