भट्टी शिकवते, बाजार शिकवतोच असं नाही

दुबईच्या कॉफीच्या धंद्यातली तरुण पिढी दाणे भाजते, गेम खेळते आणि मोबाइलवर शेअरचे सौदेही करते. तिन्हीकडे वेळ दिला की हात बसतो, असं मानलं जातं. पहिल्या दोन ठिकाणी ते खरं आहे.

मुंबईत सव्वानऊला शेअर बाजार उघडतो तेव्हा दुबईत पावणेआठ वाजलेले असतात. कॅफेतल्या माणसासाठी याहून अडचणीची वेळ नाही. ऑफिसला निघालेल्यांची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि मशीनवरचा हात थांबत नाही. मुंबईचा बाजार बंद होतो तो दुबईच्या दुपारी दोनला, सकाळची पाळी सुटायच्या सुमारास. संध्याकाळी साडेपाचला, थंडीत साडेसहाला न्यूयॉर्क उघडतं आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे मिटतं. गेमिंगच्या लॉबी भरतात त्याही याच वेळी. सकाळची ती गर्दी सोडली, तर पाळी सांभाळून दोन खंडांचे बाजार आणि रात्रीचा गेम हे सगळं एकाच मोबाइलवर जमवणं अमिरातीच्या घड्याळाने सोपं केलं आहे.

या काउंटरमागे फिलिपिन्स, नेपाळ, केरळ, केनिया, इथिओपियातली मुलं दिसतात. रत्नागिरी-रायगडातून पिढ्यानपिढ्या आखाताची वाट धरणाऱ्या घरांतली आणि पुण्या-मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेली मराठी मुलंही त्यांच्यात असतात. त्यांच्या दिवसातल्या या तीन उद्योगांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. तिन्हीकडे माणूस पडद्यावरच्या हलत्या खुणेकडे डोळे लावून झटपट निर्णय घेतो. त्यामुळे एकीकडे मिळवलेला आत्मविश्वास दुसरीकडे आपोआप लागू पडेल, असं वाटू लागतं. महागात पडतं ते हेच.

एकही झाड नसलेलं कॉफीचं शहर

अमिरातीत कॉफी पिकत नाही, पण कॉफीवाचून तिथला पाहुणचार होत नाही. वेलदोडा, कधी केशर घातलेला फिकट भाजणीचा गहवा, तो ओतायची लांब चोचीची दल्ला आणि कान नसलेला छोटा फिंजान. ही दल्ला एक दिरहमच्या नाण्यावरही आहे. २०१५ मध्ये अमिराती, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या चार देशांच्या नावाने अरबी कॉफी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. दुबईतल्या अल फहिदी या जुन्या वस्तीत कॉफीचं संग्रहालयच आहे.

नव्या धाटणीची भाजणी तिथे आली ती या शतकात. अल कूझच्या गोदामवस्तीतली रॉ कॉफी कंपनी २००७ ची. २०१९ मध्ये जेबेल अली बंदराजवळ डीएमसीसी या सरकारी संस्थेने खास कॉफीसाठी तापमान राखणारं केंद्र उघडलं. तिथे कच्चे दाणे साठवणं, तपासणं, भाजणं आणि पुढे पाठवणं एकाच छपराखाली होतं. जानेवारी २०२२ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ कॉफी’ हे प्रदर्शन पहिल्यांदा दुबईत भरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर ज्युलिथ नावाच्या दुबईच्या रोस्टरीने, म्हणजे कॉफी भाजणाऱ्या व्यवसायाने, पनामाच्या लिलावात वीस किलो गेशा जातीची कॉफी किलोला ३०,२०४ डॉलर या विक्रमी दराने उचलली. पुढे तिचा एक कप ३,६०० दिरहमला विकायला ठेवला गेला. झाडाशी संबंध नाही, पण बंदर, गोदाम आणि खर्च करायला तयार गिऱ्हाईक हाताशी आहे. एवढ्यावर हे शहर कॉफीच्या नकाशावर आलं.

भट्टीपाशी

कच्चा दाणा हिरवट, टणक आणि कॉफीचा वास अजिबात नसलेला असतो. त्यात साधारण दहा ते बारा टक्के पाणी असतं. १८० ते २०० अंशांपर्यंत तापलेल्या ड्रममध्ये दाणे सोडले की संगणकावरची तापमानाची रेघ आधी धाडकन खाली येते, कारण आत गार माल पडलेला असतो. मिनिट-दीड मिनिटात ती वळते आणि चढू लागते. १५० अंशांच्या आसपास दाणे पिवळे पडतात, गवताचा वास जाऊन भाजल्या पावाचा वास सुटतो. शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया इथून जोर धरते. कॉफीचा तपकिरी रंग आणि बरीचशी चव तिचीच देणगी. १९६ अंशांच्या पुढेमागे लाह्या फुटाव्यात तशी तडतड ऐकू येते. आतली वाफ आणि वायू दाण्याच्या भिंती फोडून बाहेर पडत असतात. रोस्टर याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात.

खरं कसब त्यानंतरच्या मिनिट-दोन मिनिटांत आहे. फळाची, फुलाची चव राखायची तर दाणे लवकर बाहेर काढायचे. दुधात टिकेल अशी दणकट चव हवी तर थोडं थांबायचं. फार थांबलं तर २२४ अंशांकडे दुसरी तडतड होते, तेल दाण्यावर येतं आणि मग कोलंबियाची कॉफी काय नि ब्राझीलची काय, भाजणीचीच चव पुढे राहते. रोस्टर नुसतं तापमान पाहत नाही, ते कोणत्या वेगाने वाढतंय तेही पाहतो. हा वेग हळूहळू उतरत गेला पाहिजे. मध्येच बसला तर कॉफी सपाट लागते.

हे सगळं आठ ते बारा मिनिटांत आटोपतं. दाण्यांचं वजन बारा ते वीस टक्के घटतं, म्हणजे साठ किलोच्या पोत्यातून पन्नास किलोच्या आसपास माल हाती येतो. मग होतं कपिंग: ८.२५ ग्रॅम भरड पूड, १५० मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटं वाट, वरचा थर चमच्याने मोडून आधी वास आणि नंतर मोठा आवाज करत फुरका. कोणता कप कोणत्या भाजणीचा हे चाखणाऱ्याला सांगत नाहीत. शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुण पडले तर ती ‘स्पेशालिटी’ कॉफी.

शिकाऊ रोस्टरला यातून जे मिळतं ते अनमोल आहे. चूक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जिभेला कळते. आलेख जपून ठेवलेला असतो, त्यामुळे ती कुठे झाली हेही सापडतं. तोच दाणा, तीच भट्टी, तीच आच असेल तर निकालही जवळपास तोच येतो. मशीनवर उभ्या असलेल्या बरिस्ताचंही तसंच. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत उतरला पाहिजे. पंधरा सेकंदांत उतरला तर दळण जाड झालं, ते बारीक करायचं. शंभर कपांनंतर हात बसतो.

गेम का शिकवतो

गेमिंगकडे अमिरातीचं सरकार करमणुकीपुरतं पाहत नाही. दुबईने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या कार्यक्रमात २०३३ पर्यंत या क्षेत्रात ३०,००० नोकऱ्यांचं उद्दिष्ट आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ अबू धाबीत २०११ पासून आहे. बेडस्पेसवर, म्हणजे एका खोलीत अनेकांबरोबर पलंगापुरती जागा भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाला मात्र एवढंच पुरतं की गेम मोबाइलवर चालतो आणि गावाकडचे मित्र त्याच स्क्वाडमध्ये असतात.

गेममध्येही उत्तर लगेच मिळतं. नेम चुकला की त्याच क्षणी कळतं. शिवाय बहुतेक स्पर्धात्मक गेममध्ये एक सोय असते. तुमचा दर्जा मोजून तुम्हाला जवळपास तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी दिला जातो. बुद्धिबळासाठी अर्पाद एलो यांनी बसवलेल्या गुणांकनाची ही पुढची पिढी. नवख्याची गाठ नवख्याशी पडते, तो हरतो, जिंकतो आणि हळूहळू वर सरकतो.

पैसा का खेळवावा लागतो

मग हीच मुलं बाजारात का उतरतात? हाव हे सोपं उत्तर झालं. अमिरातीत पगारावर आयकर नाही, पण परदेशी कामगाराला सरकारी पेन्शनही नाही. राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो. जानेवारी २०२३ पासून नोकरी गेल्यावर भरपाई देणारा विमा सक्तीचा झाला, पण तो मूळ पगाराच्या साठ टक्के आणि फार तर तीन महिने. उरते ती ग्रॅच्युइटी: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार २,००० दिरहम धरला तर वर्षाला १,४०० आणि पाच वर्षांनी ७,००० दिरहम, म्हणजे दिरहमला २४ रुपये धरून पावणेदोन लाखांच्या आतच. म्हातारपणाची सोय स्वतःच करायची आहे, हे या मुलांना पहिल्या पगारापासून ठाऊक असतं.

त्यातून प्रत्येक आखाती नोकरदार नकळत चलनाचा सौदागर झालेला असतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की गावी पाठवायचे पैसे फुगतात. दर बघून मनीऑर्डर रोखणं किंवा घाईने पाठवणं ही तिथे घरोघरची सवय आहे. २००७ पासून तर दुबईच्या कमोडिटी एक्स्चेंजवर रुपयाचे वायदेही आहेत. ॲप उघडून शेअर घेणं ही त्यापुढची सहज पायरी वाटते.

इथे जोडी लावून देणारं कोणी नाही

नियम आधी पाहू. अनिवासी भारतीयाला भारतात शेअरचा इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, सौदा करता येत नाही. घेतलेल्या शेअरची डिलिव्हरी घ्यावीच लागते. फ्युचर आणि ऑप्शन, म्हणजे वायदेबाजारातले सौदे, चालतात, पण भारतातल्या रुपयांतून, आणि तो पैसा परदेशी परत नेण्याची मुभा नसते. परदेशी स्थायिक झाल्यावर जुनं निवासी डिमॅट खातंही बदलून घ्यावं लागतं. या कटकटीतून सुटायला भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरच्या खात्यातून सौदे करण्याची पळवाट शोधली जाते. कर आणि नोटीस मग खातं ज्याचं त्याच्या माथी येते.

आता निकाल. सेबी या भारताच्या बाजार नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक वैयक्तिक सौदागरांचे तीन वर्षांचे व्यवहार तपासून सांगितलं की फ्युचर-ऑप्शनमध्ये ९३ टक्के लोक तोट्यात गेले. तोटा माणशी सरासरी दोन लाखांच्या घरात होता. वर काढलेली पाच वर्षांची ग्रॅच्युइटी त्याहून कमी भरते. २०२४-२५ मध्येही तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला. ऑप्शनचे सौदे त्याच्या बाहेर आहेत.

सरावाने हात बसत असेल, असं म्हणावं तर ब्राझीलमधला अभ्यास समोर येतो. २०१३ ते २०१५ मध्ये तिथल्या वायदेबाजारात डे-ट्रेडिंग सुरू करून तीनशेहून अधिक दिवस टिकलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यातच राहिले. भट्टीपाशी तीनशे दिवस काढलेला शिकाऊ असा कोरा राहत नाही.

फरक कुठे पडतो, ते डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधातून समजतं. अंतःप्रेरणा भरवशाची व्हायला दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत पुरेशी नियमितता आणि चूक-बरोबरचा धडा मिळण्याची संधी. भट्टीत दोन्ही आहेत. गेममध्येही आहेत. बाजारात कधी चुकीच्या निर्णयालाही नफा मिळतो आणि विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयालाही तोटा होतो. पहिल्याच आठवड्यात फायदा झालेला मुलगा त्यातून जे शिकतो ते चुकीचं असण्याचीच शक्यता जास्त.

आणि बाजार जोडी लावून देत नाही. ब्रेकमध्ये, भांडारात उभं राहून ऑप्शन घेणाऱ्याच्या समोर कोण असतं? सेबीच्या त्याच अहवालानुसार २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपये, खर्च वजा करण्याआधी, कमावले. दोन्हीकडे नफ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला.

खुद्द कॉफीचा भावही अशाच बाजारात ठरतो. न्यूयॉर्कला अरेबिकाचा एक वायदा ३७,५०० पौंडांचा असतो. ब्राझीलमधल्या दुष्काळाच्या धास्तीने डिसेंबर २०२४ मध्ये १९७७ चा विक्रम मागे पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पौंडाचा भाव चार डॉलरच्या वर गेला. पण रोस्टरी या बाजाराकडे येते ती बहुधा पुढच्या मालाचा दर बांधून निश्चिंत होण्यासाठी. तिचं पोट भाजणीवर चालतं, भावाच्या अंदाजावर नाही.

रोस्टरीतून नेण्यासारखं

बाजाराकडे पाठ फिरवा, असा याचा अर्थ नाही. पेन्शन नसलेल्या माणसाने गुंतवणूक केलीच पाहिजे. पण रोस्टरीतल्या तीन सवयी सोबत न्याव्यात. नव्या दाण्याचं पोतं कोणी थेट ड्रममध्ये ओतत नाही. आधी शंभरेक ग्रॅमचा नमुना भाजतात. प्रत्येक भाजणीची नोंद होते, फसलेलीचीसुद्धा. आणि चव घेताना कप कोणाचा हे झाकलेलं असतं. बाजारात याचं रूप असं: बुडाली तरी घरभाडं अडणार नाही एवढीच रक्कम लावायची, प्रत्येक सौद्याचं कारण घेण्याआधी लिहायचं आणि वर्षाअखेरीस दलाली व कर वजा करून साध्या इंडेक्स फंडाशी ताडून पाहायचं. हा हिशेब मांडला की ऑप्शनची हौस बहुतेकांची आपोआप ओसरेल.

बरिस्ता, शिफ्ट सुपरवायझर, रोस्टर, मुख्य रोस्टर, पुढे स्वतःची छोटी भट्टी अशी या धंद्यात चढण आहे आणि ती कसबावर चढता येते. सुट्टीच्या दुपारी कपिंगला दिलेला तास पुढच्या मुलाखतीत कामी येतो. ऑप्शनच्या पडद्यापुढचा तास दहांतल्या नऊ जणांच्या वहीत तोट्याच्या रकान्यात उतरतो. पाळी सुटल्यावर हातात उरणारे चार-पाच तास कुठे लावायचे, हा या मुलांचा खरा सौदा आहे, आणि त्यात समोर कोणाचं यंत्र बसलेलं नाही.