बिडाचा नांगर : ओतकामाची ओळख

उसाचा चरक, बिडाचा तवा, लोखंडी नांगर या वस्तू विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या असतात. परंतु त्या कशा तयार होतात, याची त्यांना क्वचितच कल्पना असते. लोहार तापलेले लोखंड घणाने ठोकून त्यास आकार देतो. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचा रस करून तो साच्यात ओततात. अशा ओतीव लोखंडास बीड म्हणतात.

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. बिडात शेकडा २ ते ४ कार्बन असल्यामुळे ते सुमारे १२०० अंशांसच वितळते व साच्यात सहज पसरते. साच्यासाठी प्रथम वस्तूचा लाकडी नमुना करतात. थंड होताना बीड आकसते, म्हणून नमुना शेकडा सुमारे १ इतका मोठा ठेवतात. ओलसर वाळूत त्याचा ठसा घेऊन नमुना काढून घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. बीड दाब उत्तम सोसते. मात्र ठिसूळ असल्याने जोराच्या आघाताने फुटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९०३ साली बेळगाव येथे आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे आरंभीचे नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही समजूत निराधार होती. परंतु दुसरी एक अडचण खरी होती. लाकडी नांगर मोडल्यास गावचा सुतार तो दुरुस्त करी. बिडाचा भाग तुटल्यास लोहारास तो ठोकून सांधता येत नसे. ऐन पेरणीत नांगर बंद पडणे म्हणजे वर्षाच्या पिकावर पाणी सोडणे होय.

या अडचणीचे उत्तर साच्यातच आहे. एकाच नमुन्यावरून ओतलेले सर्व भाग सारखे असतात. म्हणून झिजलेला वा तुटलेला भाग काढून तेथे तसाच नवा बसविता येतो. संपूर्ण नांगर टाकावा लागत नाही. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. पुढे तेथे नांगरांबरोबर कडबा कापण्याची यंत्रे, चरक आणि पंपही तयार होऊ लागले.

वर्गात ओलसर वाळूत एखाद्या लाकडी ठोकळ्याचा ठसा घ्यावा व शिक्षकांनी स्वतः त्यात वितळलेले मेण ओतावे. एकाच ठोकळ्यावरून दोन-तीन वस्तू करून त्या विद्यार्थ्यांस ताडून पाहण्यास सांगाव्यात. त्यांतील सारखेपणा ध्यानी आला, म्हणजे ओतकामाचे मर्म कळले.