चित्र पाहणारे डोळे, कागद दुमडणारे हात

या पानावर आम्ही एरवी साखर, रक्तदाब, साथीचे ताप, पिण्याचे पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय आहे चित्र, फोटो आणि कागदाची घडी. पोटापाण्याची ओढाताण असलेल्या घरात कला कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की कला आपल्या घरात केव्हाच शिरली आहे. वस्तीतल्या प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि मुले सकाळी उठल्यापासून चित्रेच पाहतात. त्यातले बहुतेक फोटो कुणीतरी बदललेले, रंगवलेले, कापून जोडलेले असतात. ते कसे पाहायचे हे कुणी शिकवले नाही, तर त्याचा त्रास मनाला होतो आणि पुढे कातडीलाही होतो. नीट पाहायला शिकलो, हाताने काही घडवायला लागलो, तर तीच कला मनाला विसावा देते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कला आणि आरोग्य यांविषयी एक अहवाल काढला. जगभरच्या 3000 हून अधिक अभ्यासांचा त्यात आढावा आहे. कलेत रमल्याने मनावरचा ताण हलका होतो, एकटेपणा कमी होतो, आजारातून उठणाऱ्याला आधार मिळतो, असे त्यातून पुढे आले. कला औषधाची जागा घेत नाही. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवायची. पण औषधाच्या जोडीला तिचा उपयोग होतो.

आपल्या दारातली चित्रशाळा

मावळात राहणाऱ्या माणसाला कला पाहायला मुंबईला जायची गरज नाही. मळवली स्टेशनावर उतरले की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. कामशेतकडून पवन मावळात गेले की बेडसे. भाज्याचे चैत्यगृह सुमारे 2200 वर्षांपूर्वीचे, कार्ल्याचे सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे.

भाज्याला जाल तेव्हा चैत्यगृहाचे खांब बाजूने पाहा. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके लावत. दगडात तशी गरज नव्हती, तरी कारागिरांनी हाताला सवय असलेले लाकडाचे काम दगडात उतरवले. तिथेच एका विहारात वाद्य वाजवणारी आणि नाचणारी स्त्री कोरलेली आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात 37 खांब आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपाच्या मागे सात. बाजूचे खांब नक्षीचे, त्यांच्यावर हत्तींवर बसलेली माणसे. मागचे सात अगदी साधे. छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री आजही पाहायला मिळते. भिंतींवर आणि खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, सुतार आहे, यवन आहेत. कुणी खांब दिला, कुणी दरवाजा. हाताने काम करणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षे त्या दगडावर टिकली आहेत.

आणखी एक गोष्ट तिथे मुलांना जरूर दाखवा. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, त्या जुन्या. बुद्धमूर्ती आहेत, त्या काही शतकांनंतर कोरलेल्या. त्यांच्यासाठी आधीची वेदिकेची नक्षी काही ठिकाणी तासून काढली. आज मोबाईलवर जुन्या फोटोत आपण नवे काही बसवतो, तसेच हे झाले. फरक इतकाच की छिन्नीचा घाव परत घेता येत नाही, म्हणून कारागीर हात उचलण्याआधी फार वेळ पाहत असणार.

लेण्यांत गेल्यावर आधी सेल्फी काढू नका. एका खांबापुढे दोन मिनिटे उभे राहा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा. मला काय दिसते? नजर आधी कुठे जाते? उजेड कुठून येतो? करणाऱ्याने काय दाखवले आणि काय सोडून दिले? हे चार प्रश्न दगडाला, फोटोला, कागदाच्या पाखराला, सगळ्यांना लागू पडतात. दोन मिनिटे एकाच वस्तूकडे लक्ष देणे ही सम्यक स्मृतीचीच छोटी तालीम आहे. वर चढून जाण्याने पायांना व्यायाम होतो तो निराळाच. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र थांबत थांबत चढावे, पाणी जवळ ठेवावे.

फोटोतली कारागिरी

फोटो बदलण्याची कला मोबाईलच्या आधीची आहे. पूर्वी स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोवर बारीक कुंचल्याने रंग भरत, पेन्सिलीने डाग झाकत. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि कुंचल्याचे काम संगणकावर गेले. आज तेच काम मोबाईलवर होते. बाबासाहेबांचे जे रंगीत फोटो आपण पाहतो, त्यांतले बहुतेक मूळचे काळे-पांढरे आहेत. रंग नंतर कुणीतरी भरला आहे.

14 एप्रिलला आपल्या चौकात बॅनर लागतो. तो आपल्याच वस्तीतल्या एखाद्या पोराने रात्र जागून केलेला असतो. फोटो मागच्या पार्श्वभूमीपासून केसागणिक कापून वेगळा काढायचा, निळ्या रंगाच्या छटा जुळवायच्या, अक्षर दुरून वाचता येईल असे बसवायचे, हे कौशल्याचे काम आहे. 'छान झालाय' म्हणून पुढे जाऊ नका. जरा थांबा, त्याला विचारा, हा निळा कसा मिळवलास, अक्षर एवढे मोठे का ठेवलेस? कुणी आपले काम नीट पाहिले की माणसाचे मन उभारी धरते. व्यसनाच्या वाटेवर असलेल्या पोरालाही अशी दाद कधी कधी मागे खेचते.

घरातल्या वारलेल्या आजोबांचा एकच जुना फोटो असतो. तो मोठा करून घेताना कोट-टाय चढवून देतात, चेहरा उजळ करून देतात. फाटलेला भाग जोडणे, डाग काढणे ही चांगली कारागिरी. पण आजोबांचा रंग आणि कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवायला सांगा. राबून काढलेले आयुष्य त्या आठ्यांतच दिसते. मूळ फोटो कधीही टाकू नका. त्याचा मोबाईलवर फोटो काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

खोटा गोरेपणा आणि खरी इजा

आता काळजीचा मुद्दा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात 'ब्युटी' नावाची सोय असते. ती चेहरा उजळ करते, नाक बारीक करते, डाग पुसते. काही मोबाईलमध्ये ती आधीपासूनच चालू असते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी रोज तो चेहरा पाहते, मग आरशात पाहते आणि आरसाच तिला खोटा वाटू लागतो. मुलांचेही तसेच होते. फोटो टाकला आणि कुणी दाद दिली नाही की जेवण नको, शाळा नको, चिडचिड सुरू.

पुढची पायरी म्हणजे दुकानातून आणलेले गोरे करणारे क्रीम. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते, काहींत पारा सापडतो. स्टेरॉइडने पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात आग होते. क्रीम थांबवले की त्रास आणखी वाढतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. असे क्रीम कुणी लावत असेल तर सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा, ट्यूब सोबत न्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते थांबवा.

मुलांना एवढे जरूर सांगा. कार्ल्याचा, भाज्याचा दगड काळा आहे. त्या काळ्या दगडातली माणसे पाहायला जगभरातून लोक येतात. त्यांना गोरे करावे असे कुणाला वाटत नाही. रंगावरून माणसाची किंमत ठरवणारी नजर जातीवरून किंमत ठरवणाऱ्या नजरेची सख्खी बहीण आहे. तिला मोबाईलमधून घरात घेऊ नका. कॅमेऱ्यातली ती सोय बंद करा.

कुणी मुलीचा फोटो बदलून घाणेरडा करून धमकावत असेल तर दोष मुलीचा नाही. तिला रागावू नका, तिचा मोबाईल काढून घेऊ नका. आलेले संदेश पुसू नका, पोलीस ठाण्यात तक्रार करा. मन फार खचले असेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे बोलायला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

कागदाची घडी

कला करायला पैसा लागतो, हा समज ओरिगामी खोटा ठरवते. हा जपानी शब्द आहे. 'ओरि' म्हणजे दुमडणे, 'कामि' म्हणजे कागद. कात्री नाही, डिंक नाही, एक चौकोनी कागद पुरे. अकिरा योशिझावा यांनी गेल्या शतकात या घड्यांना मोठ्या कलेचा मान मिळवून दिला. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाच्या घडीने अवकाशात पाठवायचे सौर पत्रे दुमडले गेले. पुण्यात 'आयुका'च्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी कागद, काड्या आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला मुलांना वर्षानुवर्षे शिकवले.

हिरोशिमावर 1945 साली अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात ती कागदाचे क्रौंच पक्षी दुमडत राहिली. 1955 साली, वयाच्या बाराव्या वर्षी ती गेली. घड्यांनी तिचा आजार बरा झाला नाही. पण आजही जगभरची मुले शांततेसाठी तेच पक्षी करून हिरोशिमाला पाठवतात.

आपण सोप्या पेल्यापासून सुरुवात करू. चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडा, त्रिकोण होईल. लांब बाजू खाली ठेवा. उजवे टोक समोरच्या डाव्या तिरक्या कडेवर आणून दाबा. आणलेल्या भागाची वरची कड खालच्या बाजूला समांतर हवी. डावे टोक तसेच उजवीकडे आणा. वर उरलेल्या दोन पात्यांपैकी एक पुढे, एक मागे दुमडा. तोंड उघडा, पेला तयार. सरावाला जुना पेपर चालेल, पण त्यात खाऊ घालू नका. छपाईची शाई पोटात जाणे चांगले नाही, म्हणून वडापावही पेपरात बांधून घेऊ नये.

लोणावळ्यात चिक्कीची खोकी दिवसभर दुमडणाऱ्या आपल्या बायांच्या बोटांत ही कला आधीपासून आहे. त्यांनीच मुलांना ती शिकवावी. त्यांच्या हातांसाठी एक सूचना. अर्ध्या तासाने हात सैल सोडा, मनगट हळू फिरवा, मुठी उघडा-मिटा. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचे पथ्य

मोबाईल असो की कागद, जवळचे काम करताना दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब, 20 सेकंद पाहा. पापण्या मिटत राहा. अंधारात मोबाईल पाहू नका. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागले तर चष्म्याची लाज बाळगू नका. 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून लहानांना नकोच.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास मुलांसाठी ठेवा. एका रविवारी कागद दुमडा, एका रविवारी एकच फोटो सगळ्यांनी मिळून पाहा आणि ते चार प्रश्न विचारा. ज्यांना ऐकू कमी येते, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही यात पूर्ण वाटा घेता येतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून भाज्याला जा. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे गेलात तर हात जोडून लगेच मागे फिरू नका. मूर्तीकडे दोन मिनिटे शांतपणे पाहा आणि घरी आल्यावर मुलांना विचारा, तुम्हाला काय दिसले?