मेंदू घडवणारा नकार

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकं तीच असतात, सुमारे २० हजार. फरक पडतो तो त्यातली कोणती चालू आहेत आणि कोणती बंद यामुळे. गर्भाचा मेंदू घडताना ही चालू-बंद फार काटेकोर वेळापत्रकाने होते. त्यातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत उलगडलं, ते मात्र आपल्याला फारसं ठाऊक नाही.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांचा गट अनेक वर्षं उंदरांच्या गर्भातल्या अग्रमेंदूचा अभ्यास करत आहे. अग्रमेंदूच्या कडेला पेशींची एक चिंचोळी पट्टी असते, तिला हेम म्हणतात. हेमला लागून तयार होतो हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी साठवण्याचं काम त्याच्याकडे असतं. हे शेजारपण योगायोगाचं, की हेमच शेजाऱ्याला घडवतं?

२००८ साली या गटाने ‘सायन्स’मध्ये उत्तर दिलं. एलएचएक्स२ हे जनुक काही पेशींत शाबूत आणि काही पेशींत निकामी, असे मिश्र गर्भ त्यांनी तपासले. अग्रमेंदूच्या आतल्या बाजूला जिथे जिथे ते निकामी होतं, तिथल्या पेशी हेम होऊन बसल्या. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. या भलत्या जागच्या हेमशेजारच्या पेशींत जनुक धडधाकट होतं, तरीही त्या हिप्पोकॅम्पसच्या वळणावर गेल्या! म्हणजे हेम खरोखरच हिप्पोकॅम्पसचा कर्ता ठरलं, आणि एलएचएक्स२ चं काम ठरलं पेशीला ‘तू हेम होऊ नकोस’ असं बजावण्याचं. हा नकार चालतो तोही न्यूरॉन जन्मू लागण्याआधीच्या अगदी थोड्या काळात. ती वेळ टळली, की पुढे जनुक काढून टाकलं तरी पेशी हेम होत नाही.

म्हणून हे जनुक नंतर निवृत्त होतं असंही नाही. २०११ साली याच गटाने दाखवलं, की वाढत्या हिप्पोकॅम्पसमध्ये मूळ पेशींकडून न्यूरॉन घडवून घेणं आणि त्या मूळ पेशींना साहाय्यक अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींकडे घाईने वळू न देणं, हेही तेच करतं. त्या टप्प्यावर ते काढलं, तर न्यूरॉनऐवजी अ‍ॅस्ट्रोसाइट वेळेआधीच तयार होऊ लागतात.

एकच जनुक वेगवेगळ्या वेळी वेगळं काम करतं. म्हणून ‘अमुक आजाराचं जनुक सापडलं’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ते कुठे आणि कोणत्या वेळी काम करतं हे जरूर विचारा. त्याशिवाय ती बातमी अर्धवटच आहे.